डब्यातल्या उरलेल्या गोळ्या

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे कांद्याची पात कापणं. बायको खळ्यात पाय लांब करून बसली होती.

"अवो, मुंडीजवळ कापू नका, सडंल कांदा. चाळीस वर्सं झाली, अजून कळंना तुमाला."

"तू तुझी टाच सांभाळ," मी म्हणलं.

संध्याकाळी तिला थंडी वाजून ताप भरला.

महिन्यापूर्वी तिच्या टाचेत बाभळीचा काटा मोडला होता. गावच्या डॉक्टरनं सात दिवसांच्या गोळ्या लिहून दिल्या. तिसऱ्या दिवशी सूज उतरली तसं मीच म्हणलं, "बास आता. गोळ्या उष्ण पडत्यात. ठेव डब्यात, पुन्हा लागतील." बिस्किटाच्या त्या डब्यात घरातल्या सगळ्या दुखण्यांच्या उरलेल्या गोळ्या असायच्या. आता ताप आला तर टाचेच्याच उरलेल्या गोळ्या दोन दिवस दिल्या. उतार पडेना. मग नगरला मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथं दुसऱ्या दिवशी ती गेली.

मला दवाखान्याचा संशय आला. गोळ्या घेतल्या त्या गावातल्या औषधवाल्याचा तर आधीपासून होता.

"गोळ्या खोट्या हुत्या," मी तिथल्या डॉक्टरणीला म्हणलं.

ती शांतपणे म्हणाली, "बाबा, जंतूला भिंत असते. वाढताना तो ती बांधत राहतो. हे औषध ती बांधू देत नाही. मग आत पाणी शिरतं, जंतू फुगतो आणि फुटतो."

"मंग हिच्यातलं का फुटलं न्हाईत?"

"काही चिवट असतात, ते औषधच मोडून टाकतात. बाकीचे मेले तरी चिवट उरतात, आणि पुढं त्यांचीच पैदास वाढते. गोळ्या अर्ध्यावर सोडल्या होत्या का?"

"न्हाई," मी म्हणलं. खोटं बोललो. जन्मभर हरळी खणलीय मी. वरचं कापून मुळी ठेवली की काय होतं, हे मला कुणी शिकवायला नको.

"नेमकं कशानं झालं ते सांगता येणार नाही," असंही ती म्हणाली. असं बोललं की माणूस सुटतो. तिच्यावर तरी विश्वास का ठेवावा? गोळ्या खोट्या निघाल्या असत्या तर माझ्या माथी काही राहत नव्हतं.

ती गेल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी घर पाहुण्यांनी भरलेलं. मी डबा काखेत मारला आणि गावच्या सरकारी दवाखान्यात गेलो. नर्सबाईपुढं ती उरलेली पट्टी टाकली.

"खोट्या हैत का बघा."

तिनं पट्टी उलटीपालटी केली, तारीख वाचली. "चांगल्या दिसतात की, बाबा."

"पुन्हा बघा," मी म्हणलं.