आठवा लागला

वर्षालीच्या पायाला भिंगरी आहे असं तिच्या माहेरी म्हणायचे. सासरी आल्यावर त्या भिंगरीला चार चाकं लागली. रहाटणीतल्या पोरांना शाळेत नेणारी-आणणारी व्हॅन ती स्वतः चालवायची. नवरा दिग्विजय चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत शिफ्टला जायचा, आणि दिवसभर घरात भिंतींकडे बघत बसणं हिला जमणारं नव्हतं. दिवस गेले तरी व्हॅन सुटली नाही. सासूबाई मंजुळाबाई औशाकडच्या खेड्यातून लेकाकडे राहायला आल्या होत्या. त्या रोज सकाळी दारात उभ्या राहून म्हणायच्या, "आता बास कर गं बाई." वर्षाली स्टिअरिंग आणि पोट यांच्यात किती जागा उरलीय ते हाताने मापून दाखवायची आणि निघून जायची.

सातवा महिना संपत आला होता. दुपारी शेवटच्या पोराला सोडून परत येताना काळेवाडीच्या सिग्नलला तिचं पोट एकदम दगडासारखं घट्ट झालं. गॅस असेल म्हणून ती दोन घोट पाणी प्यायली. सिग्नल सुटला, पोटही सैल झालं. पुढच्या चौकात पुन्हा तेच, आणि या वेळी कळ कमरेतून निघून थेट मांडीपर्यंत गेली. दुसरी कुणी असती तर तिने गाडी बाजूला घेऊन नवऱ्याला फोन केला असता. वर्षालीने इंडिकेटर दिला, गाडी वळवली आणि पिंपरीतल्या हॉस्पिटलच्या दारात नेऊन उभी केली.

"ओ मॅडम, स्कूल व्हॅन इथं नाही लावायची!" वॉचमन धावत आला.

"दादा, पेशंट आहे."

"कुठंय पेशंट?"

"मीच," म्हणत ती दाराला धरून खाली उतरली, आणि मग तिला पुढचं पाऊल उचलता येईना.

तपासणी झाली. डॉक्टरीणबाई हातमोजे काढत म्हणाल्या, "कळा खऱ्या आहेत. पिशवीचं तोंड थोडं उघडायला लागलंय. बाळ अजून फार लहान आहे, म्हणून गोळ्या देऊन कळा थोपवू आणि बाळाच्या फुफ्फुसांसाठी इंजेक्शन देऊ. तुमचं काम एकच, पडून राहायचं. बाथरूमपुरतं उठायचं, तेही कुणाला तरी धरून."

"किती दिवस?"

"मिळतील तेवढे."

"गाडी चालवल्यामुळे झालं का हे?"

"तसं नाही म्हणता येत. घरी बसून असलेल्या बायकांनाही होतं."

वर्षालीला ते पटलं नाही. वॉर्डात आणून झोपवलं तेव्हापासून ती मनातल्या मनात रहाटणीतले सगळे स्पीडब्रेकर आठवत होती, आणि कुठला आपण जोरात घेतला ते शोधत होती.

संध्याकाळी दिग्विजय कंपनीच्या गणवेशातच आला. व्हॅन घरी नेऊन लावल्याचं त्याने सांगितलं आणि मग जरा घुटमळत म्हणाला, "कुसुमताईंशी बोललोय. आपल्या पोरांची पण फेरी त्या करतील."

कुसुमताई म्हणजे रहाटणीतली दुसरी व्हॅनवाली. पोरांच्या पळवापळवीवरून दोघींचं गेलं वर्षभर बोलणं बंद होतं.

"कुणाला विचारून बोललात?" वर्षाली उठून बसायला निघाली, तसा त्याने तिचा खांदा धरला.

"पडून राहा आधी."

"ती माझी सगळी पोरं पळवेल, अहो!"

"पळवू दे," दिग्विजय म्हणाला. "आपलं एक राहिलं म्हणजे झालं."

तो असं कधी बोलायचा नाही. वर्षालीने तोंड भिंतीकडे फिरवलं.

पडून राहणं हे काम आहे हे तिला तिथे कळलं, आणि ते तिला येत नव्हतं. या कुशीवरून त्या कुशीवर व्हायचं तरी सलाइनची नळी सांभाळायची. मोबाइलवर पालकांच्या ग्रुपमध्ये 'गाडी कुठे आहे?' असं कुणी विचारलं की हिची बोटं उत्तर द्यायला शिवशिवायची, पण गाडी कुठे आहे हे हिलाच ठाऊक नसायचं. एक हात कायम पोटावर. पोट जरा कडक झालं की ती श्वास रोखायची. कळ आहे, का बाळ फिरलं? सिस्टर पोटाला पट्टा बांधून ठोके ऐकवायच्या, तेव्हा इंजिनात कुठे खटका येतोय का हे ऐकावं तशी ती कान देऊन पडायची. पट्टा सोडला की पुन्हा घोर सुरू.

कळा कमी झाल्या, पण पुरत्या थांबल्या नाहीत. असेच काही दिवस गेले. एका सकाळी मंजुळाबाई बोटांवर काहीतरी मोजत बसल्या आणि मोजता मोजता त्यांचा चेहरा उतरला.

"आठवा लागला," त्या म्हणाल्या.

नेमक्या तेव्हाच डॉक्टरीणबाई राउंडला आल्या. कागद बघून खूश झाल्या. "छान! आणखी एक दिवस मिळाला आपल्याला."

त्यांची पाठ वळल्यावर मंजुळाबाई पुटपुटल्या, "सातव्याचं लेकरू जगतंय. आठव्याचं न्हाई."

त्या हळू बोलल्या होत्या, पण वर्षालीने ऐकलं. तेव्हापासून तिची पुरती ओढाताण झाली. डॉक्टरीणबाईंना दिवस वाढायला हवे होते आणि सासूबाईंना वाढलेला प्रत्येक दिवस खुपत होता. उगवता दिवस चांगला म्हणायचा की वाईट, हेच तिला कळेना.

शेजारच्या बेडवर मोनिका होती. तीही चाकणलाच, एका कंपनीत पॅकिंगला जाणारी. तिचंही हेच दुखणं, फक्त दिवस थोडे पुढचे. दोघी पडल्या पडल्या एकमेकींना आपापल्या नवऱ्यांच्या तक्रारी सांगायच्या. एका सकाळी मोनिकाच्या कळा गोळ्यांना जुमानेनात. तिला आत नेलं. मुलगा झाला आणि तो रडायच्या आधीच त्याला काचेच्या पेटीत ठेवायला पळवलं, एवढंच बाहेर कळलं. आठव्यातलं बाळ. मंजुळाबाईंनी त्या रिकाम्या बेडकडे पाठ करून खुर्ची वळवली.

दुपारी त्या चहा आणायला खाली गेल्या आणि वर्षालीला राहवेना. मोनिकाचं बाळ आहे का गेलं, एवढं विचारून यायचं. सलाइन नुकतंच काढलं होतं. ती उठली, भिंतीला धरत व्हरांड्यात आली आणि जिन्यापाशी पोचते तोच पोट आवळलं. असं आवळलं की ती खालीच बसली.

"कुणी सांगितलं होतं उठायला?" सिस्टर ओरडत चाकाची खुर्ची घेऊन आल्या. पुन्हा बेड, पुन्हा सुई, पुन्हा पट्टा. ठोके ऐकू येईपर्यंत वर्षालीने बेडची दांडी सोडली नाही.

मंजुळाबाई चहाचा थर्मास घेऊन आल्या तर ही हमसून रडत होती.

"उठायलीस कशाला गं?"

"मग पडून तरी कशाला राहू?" वर्षाली उसळली. "आठव्याचं जगत नाही म्हणता ना तुम्ही? मग मी कशासाठी पडलेय इथे?"

मंजुळाबाईंनी थर्मास खाली ठेवला. त्या पदराचं टोक पिळू लागल्या.

"दिग्याच्या आधी मला एक झालता," त्या म्हणाल्या. "आठव्यातच. घरी. चांगला रडला की. मी म्हणलं, औशाला दवाखान्यात न्या. जीप हुती गावात. सासू म्हणली, आठव्याचं जगत न्हाई, कशाला हेलपाटा. सगळे गप बसले. दिस मावळूस्तर हुता बघ तो. जगत न्हाई म्हणले, म्हणून कुणी उठलंच न्हाई."

वर्षालीचं रडं थांबलं. हे दिग्विजयलाही माहीत नसावं. तिने सासूबाईंचा हात धरला. तो गार पडला होता.

मंजुळाबाईंनी हात सोडवून घेतला आणि त्या वॉर्डाबाहेर गेल्या. परत आल्या तेव्हा धाप लागली होती.

"बघून आले," त्या म्हणाल्या. "मोनिकाचं. काचंतून दाखवलं तिथल्या शिस्टर पोरीनं. एवढंसं हाय, नळ्या लावल्यात, पण पाय झाडायलंय. आन् चार माणसं उभी हायती त्याच्याभवती."

"जगेल का आई?"

"मला काय ठावं? त्यांनाच इचार." मग थर्मास उघडत त्या दरडावून म्हणाल्या, "तू मातर हलू नगंस."

त्यानंतर मंजुळाबाई महिने मोजायच्या नाहीत. राउंडला डॉक्टरीणबाई आल्या की स्वतःच विचारायच्या, "आज एक मिळाला न्हवं?" वर्षालीची तळमळ काही गेली नाही, चादरीच्या चुण्या करून करून तिने एक कोपरा फाडला. पण ती बेडवरून उठली नाही. पुढे कळा थांबल्या आणि तिला घरी सोडलं. रहाटणीला येऊनही पडूनच राहायचं होतं.

नववा लागायला आठवडा राहिलेला असताना सकाळी भांड्यांचा आवाज चालू असतानाच तिचं पाणी गेलं. मुलगी झाली. दोन किलोच्या आतली, पण आल्या आल्या रडली. काही दिवस तिलाही काचेत ठेवावं लागलं, मग कावीळ झाली म्हणून निळ्या दिव्याखाली. मोनिकाचा मुलगा तोवर घरी गेला होता. कुसुमताई बाळाला बघायला आल्या, झबलं देऊन गेल्या, पण वर्षालीच्या व्हॅनमधली दोन पोरं मात्र त्यांनी ठेवून घेतली. त्यावरून वर्षाली फोनवर भांडली, तेही बाळंतिणीच्या खाटेवरूनच.

मुलगी घरी आली ती इतकी शांत झोपायची की वर्षालीला धीर निघायचा नाही. ती जाऊन तिच्या नाकाशी बोट धरायची. तिने बोट काढलं की मंजुळाबाई आपलं बोट धरायच्या.

"दोघी मिळून उठवाल तिला," दिग्विजय म्हणायचा.

आणि ती उठायचीच, भोकाड पसरून.