जुन्नरपर्यंत ढकलत नेलेलं पत्रक

वाचकहो, एखाद्या माणसाला चारचौघांत जाब विचारण्याआधी तुम्ही त्याला साधा फोन केला होता का?

मी केला नव्हता. फोनवर जाब विचारणं मला बुळचट वाटतं. आमच्या घरात भांडणसुद्धा छापील असायचं. आईबाबा दोघंही पत्रकं काढणारे. पाणी दोन दिवस आलं नाही की पत्रक, बस चुकली की पत्रक, आणि दहावीला मी गणितात काठावर वाचले तेव्हा शिक्षणपद्धतीवर पत्रक. त्यामुळे आमच्या फिरत्या वाचनालयाची व्हॅन इंजिन बदलून आणल्यावर आठवडाभरातच रुसली, तेव्हा मी तासाभरात मजकूर लिहिला आणि संध्याकाळपर्यंत दोनशे प्रती छापून आणल्या. मथळा होता ‘इंजिनाच्या नावाखाली विश्वासघात!’ आणि खाली, ठळक अक्षरांत, जुन्नरच्या रफिकभाई मिस्त्रींचं नाव.

व्हॅनचं जुनं डिझेल इंजिन थकलं होतं. रफिकभाईंनी त्याच जातीचं, एका पिकअपमधून काढलेलं इंजिन तिच्यात बसवलं. जुन्नरहून पुण्याला येईपर्यंत गाडी पहिल्या किल्लीला चालू होत होती. आठवडा संपायच्या आत मात्र किल्ली फिरवली की ‘घुर्रर्र... घुर्र...’ असं कण्हून गप्प बसायची. मी नवी बॅटरी घातली, डिझेलचा फिल्टर बदलला, हीटर प्लग (गार इंजिनाला आतून ऊब देणाऱ्या कांड्या) बदलले. काही फरक पडला नाही. मग माझ्याकडे पत्रकाखेरीज दुसरं हत्यार उरलं नाही.

शनिवारी सकाळी निघाले. आंबेगाव आणि जुन्नर तालुक्यांत तीन गावांना पुस्तकं बदलून द्यायची, सोबत पत्रकं वाटायची आणि शेवटचं पत्रक रफिकभाईंच्या हातात ठेवायचं, असा बेत होता. सोसायटीचा वॉचमन आणि दूधवाला यांनी गाडी ढकलली. दोन पावलांत ती सुरू झाली. अन्यायाविरुद्धच्या माझ्या मोहिमेची सुरुवात अशी दुसऱ्यांच्या घामाने झाली.

अवसरी बुद्रुकला रस्त्याकडेला गाडी लावली. एका बाजूला कांद्याची चाळ, दुसऱ्या बाजूला डोक्याच्या वर गेलेला ऊस. किल्लीकडे हात जाताच एक आजोबा ओरडले, “ताई, हितं बंद करू नका! उसात बिबट्या हाय. मग ढकलायला कोण बी न्हाई यायचं.”

त्यामुळे तासभर मी इंजिन चालूच ठेवलं. गेल्याच पावसाळ्यात मी ‘धूर ओकणाऱ्यांनो, लाज बाळगा’ हे पत्रक काढलं होतं. त्याची एक प्रत गाडीच्या मागच्या काचेवर चिकटवलेली होती आणि तिच्या बरोबर खालून धूर निघत होता. आजोबांनी खोकत खोकत एक कादंबरी निवडली, नाकाशी नेली आणि म्हणाले, “गोष्ट चांगली आसंल, पर वास डिझेलचा येतोय.” तरी मी चाळीस पत्रकं वाटली.

महाळुंगे पडवळला सुमनमावशींच्या पिठाच्या गिरणीसमोर मी लाजेने इंजिन बंद केलं. मावशी आमच्या जुन्या वाचक. पापण्यांवर पीठ, हातात चष्मा. त्यांनी पत्रक शेवटपर्यंत वाचलं, तोवर माझ्यापुढे मासवडी आली होती (मासा फक्त नावात, बेसनाच्या आत तीळ, खोबरं आणि लसणाचं सारण). सोबत बाजरीची भाकरी आणि डोळ्यांतून पाणी काढणारा रस्सा.

“ढकलल्याव किती येळानं चालू व्हती?” मावशींनी विचारलं.

“लगेच. दोन पावलांत.”

“मग इंजिनाला कशाला शिव्या घालती गं? इंजिन बाद आसतं तर ढकलणारी माणसं आडवी झाली आसती. आमची गिरणी वीस वर्सं डिझेलवर व्हती. हे आजारपण इंजिनाचं न्हाई. तुझा स्टार्टरच जोर धरत न्हाई. करंट कुठंतरी आडतोय.”

“बॅटरी नवी आहे, मावशी.”

“टाकी भरलेली आसली म्हंजी नळाला पानी येतंच व्हय?”

त्यांनी बॉनेट उघडायला लावलं. मी चार-पाच वेळा किल्ली मारली. मावशींनी अॅक्सिलरेटरच्या तारेला बोट लावलं आणि झटक्यात मागे घेतलं. “आगं, ही तार का तापली? हिला नुसतं पायानं ओढायचं आसतं. करंट वाट चुकून हिच्यातनं चाललाय.” मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, “मिस्त्रीला इचारलंस?”

“त्यांना पत्रक देणारच आहे.”

“आदी इचारलंस का?”

मी कारागिराच्या सामाजिक जबाबदारीवर बोलायला लागले. माझं दुसरं वाक्य पूर्ण होण्याआधी मावशी म्हणाल्या, “भाकर खा, गार व्हती.”

दळण घेऊन आलेल्या सहा बायांनी डबे खाली ठेवून गाडी ढकलली. त्यातली एक मागून म्हणाली, “पुस्तकं जड, का बाई जड?” सगळ्या हसल्या. गाडी दोन पावलांत सुरू झाली.

इथे मी थांबायला हवं होतं. मनात शंका आली होती, पण गठ्ठ्यात पत्रकंही उरली होती. माझ्यासारख्या बाईला शंकेपेक्षा उरलेलं पत्रक जास्त टोचतं.

आळे गावात पुस्तकं दिली आणि आळेफाट्यावर चहाला उभी राहिले. टोमॅटोच्या क्रेटांनी भरलेली एक पिकअप शेजारी थांबली. तिच्या मालकाने पत्रक वाचलं, कपाळाला हात लावला. “बरं झालं ताई तुमी भेटलात. सोमवारी माझ्या गाडीचं इंजिन त्यांच्याकडंच टाकायचं व्हतं.” त्याने माझ्यासमोर फोन लावला. “रफिकभाई, सोमवारचं राहू द्या. न्हाई, नकोच.” पत्रक नीट घडी करून खिशात घातलं आणि निघून गेला. आमच्या घराण्याच्या इतिहासात त्याच मिनिटाला परिणाम घडवणारं हे पहिलंच पत्रक. मी अभिमानाने दुसरा चहा सांगितला.

दुपारी जुन्नरला पोचले. डोक्यावर शिवनेरी, खाली बाजारपेठेची गर्दी, आणि गल्लीच्या टोकाला रफिकभाईंची पत्र्याची शेड. मी भाषण तयार ठेवलं होतं. ते हात पुसत बाहेर आले.

“या ताई. तुमचं पत्रक तुमच्या आधी पोचलं.” त्यांनी मोबाइलवर फोटो दाखवला. “भाषा लई भारी आहे. बायकोनं दोनदा वाचून दाखवलं. पण एक फोन करायचा व्हता, राव.”

ते शेडमध्ये गेले. एक जाड केबल आणली, तिचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला लावलं, दुसरं थेट इंजिनाच्या लोखंडाला. “मारा किल्ली.”

माझी किल्ली पुरती फिरण्याआधी इंजिन सुरू झालं. आठवडाभर कण्हणारी गाडी अशी गरजली की समोरच्या दुकानातल्या माणसाने मान वर केली.

“बॅटरीचा करंट जातो एका वाटेनं, परत येतो दुसऱ्या,” रफिकभाई म्हणाले. “परतीची वाट म्हणजे अर्थिंग. ही जाड पट्टी बघा, इंजिनापासून चासीपर्यंत.” ते खाली वाकले, पट्टीचा बोल्ट खोलला आणि खालच्या पत्र्यावर बोट फिरवलं. “ताई, मी हितं पत्रा घासून पांढरा केला व्हता. रंगातनं करंट जात नाय. हा लाल रंग कुणी दिला?”

कुणी दिला? गाडी घरी आणल्यावर पहिल्याच रविवारी मी बॉनेट उघडलं, तेव्हा आत एका बोल्टभोवती उघडा, ओरखडलेला पत्रा दिसला. अर्धवट काम मला बघवत नाही. बोल्ट खोलला, पत्र्याला लालभडक ऑइलपेंट दिला आणि बोल्ट परत घट्ट आवळला.

“मीच दिला,” मी म्हणाले. “दोन हात.”

“दोन?”

“पहिला वाळू दिला होता.”

“मग बराबर आहे,” रफिकभाई म्हणाले. “काम पक्कं केलंत.” आणि शेडच्या पत्र्याला धरून हसत सुटले.

पॉलिश पेपरने त्यांनी रंग घासून काढला, पट्टी बसवली. व्हॅन किल्लीवर सुरू झाली, बंद केली, पुन्हा सुरू झाली. मी माफी मागितली तेव्हा मात्र त्यांचं हसू गेलं.

“रंगाचं काय नाय. घासला, गेला. पिकअपवाल्याचं सांगा.” कोपऱ्यात गोणपाटाखाली धुऊन-पुसून ठेवलेलं एक इंजिन होतं. “त्याच्यासाठीच आणलंय. आता फोन उचलत नाय. तुमचं पत्रक वाचून मीपण उचलला नसता. आमच्या धंद्यात पाटी कोण वाचत नाय, ताई. माणूस माणसाला सांगतो, तेवढंच.”

त्याचं गाव रफिकभाईंनाही ठाऊक नव्हतं, फक्त नंबर होता; मी माझ्या फोनवरून लावून पाहिला. अनोळखी नंबर म्हणून त्याने तोही उचलला नाही.

परतताना आळेफाट्याला वळसा घेतला. चहावाल्याला विचारलं, मघाची टोमॅटोची पिकअप कुठे गेली?

“कंची?”

“पांढरी.”

“समद्या पांढऱ्याच की.”

मला एवढंच आठवत होतं की तिचं डावं दार निळ्या दोरीने बांधलेलं होतं. तो म्हणाला, मग ती ओतूरच्या बाजूची असेल. अंधार पडायच्या आत पुण्याकडे वळायचं होतं, म्हणून ओतूर राहिलं. महाळुंग्याला सुमनमावशींनी आपली प्रत परत दिली. “मी कुनाला दावलीच न्हाई,” म्हणाल्या. अवसरीत चाळीसपैकी नऊ हाती लागली. बाकीची कुणाच्या खिशात, कुणाच्या मोबाइलमध्ये, कुणाच्या बोलण्यात शिरली होती. व्हॅन त्या दिवशी घरापर्यंत कुठेच अडली नाही. लिहिलेलं खरं आहे की नाही हे तपासायला मला एका दिवसात शंभर किलोमीटर आणि सहा बायांचे खांदे लागले. रफिकभाईंचं नाव खराब करायला एक चहा पुरला.

म्हणून वाचकहो, एक काम करा. ते पत्रक तुमच्याकडे असेल तर नुसतं फाडू नका. ज्याला ज्याला दाखवलंत त्याला जाऊन सांगा, चूक छापणारीची होती. आणि ओतूर-आळ्याच्या रस्त्यावर डावं दार निळ्या दोरीने बांधलेली पांढरी पिकअप दिसली, तर हात करून थांबवा आणि त्या भाऊंना सांगा, जुन्नरला तुमचं इंजिन तयार आहे, रफिकभाई वाट बघतायत.