भिंतीमागचं पाणी

निवृत्ती भोये गेल्याचा फोन आला तेव्हा मी बँकेत हयातीच्या दाखल्याच्या रांगेत उभी होते. पुढे चार जण होते, माझ्या हातात पेन्शनचं पासबुक आणि आधारची झेरॉक्स. फोनवर त्यांची मुलगी मनीषा होती. "बाई, बाबा गेले… सकाळी," एवढंच ती म्हणाली आणि तिच्यामागे कुणीतरी मोठ्याने रडायला लागलं. मी रांग सोडली नाही. का सोडली नाही ते अजून कळत नाही. खिडकीपाशी पोचले, मी जिवंत असल्याच्या कागदावर सही केली आणि बाहेर येऊन पायऱ्यांवर बसले. तिथे सगळ्यात आधी जे मनात आलं ते दुःख नव्हतं, ती भीती होती. सांगायला लाज वाटते, पण खरं तेच सांगते… आता पावसाळ्यात मी कुणाला विचारणार, असं आधी वाटलं. रडू नंतर आलं, रिक्षात.

भोये माझे नातेवाईक नव्हेत. ते गवंडी. पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावरचे, पण नाशकात पंचवीसेक वर्षं काम केलेले. आमचं घर म्हसरूळच्या पलीकडे, टेकडीच्या उतारावर. माझे यजमान सातपूरला कारखान्यात होते; त्यांनी हा प्लॉट घेतला तेव्हा मागे नुसती टेकडी होती, करवंदीची झुडपं आणि गवत. ते गेले, मी शाळेतून निवृत्त झाले, आणि त्यानंतर दोन वर्षांनी वरचा प्लॉट विकला गेला. एका सकाळी जेसीबी आला. बंगल्यासाठी सपाट जागा हवी म्हणून त्याने उताराचा पाय उभा कापला, अगदी आमच्या मागच्या कुंपणापर्यंत. स्वयंपाकघरातली भांडी फळीवर थरथरायची. चार दिवसांनी मागचं दार उघडलं तर समोर दोन पुरुष उंचीचा मुरमाचा कडा, आणि त्यातून मातीचे खडे आपोआप सुटून खाली पडत होते. कुणी हात न लावता. मी दार लावून घेतलं आणि आठवडाभर ते उघडलंच नाही.

मग भिंत बांधायला भोये आले. सिमेंटच्या ठोकळ्यांची भिंत, वरच्या मालकांच्या इंजिनिअरने कागदावर काढून दिलेली. मी वर्गात उभी असल्यासारखी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि विचारलं, "अहो, ही पडणार तर नाही ना?" मला वाटलं होतं, कुठलाही माणूस म्हणतो तसं हा म्हणेल, काही काळजी करू नका. पण पन्नाशीचा तो काळासावळा, बुटका माणूस हातातली दोरी गुंडाळत राहिला आणि म्हणाला, "भ्या बाई. उताराला भ्यायलाच पाहिजे. मी बी भितो." मला इतका राग आला! मी घरात निघून गेले. पण नंतर खिडकीतून त्यांचं काम बघत राहायची सवयच लागली. पहिला ठोकळा ठेवायच्या आधी त्यांनी सात दिवस नुसता पाया केला. चर खणला, खडी भरली, ठोकली, पाणी भरलेल्या नळीने पातळी बघितली, मनासारखी आली नाही म्हणून खडी उपसून पुन्हा भरली. भिंतीचा प्रत्येक थर आधीच्या थरापेक्षा बोटभर मागे, म्हणजे भिंत टेकडीवर पाठ टेकून उभी राहिल्यासारखी दिसे. दर दोन थरांनंतर मागच्या भरावात खोलवर प्लॅस्टिकची जाळी अंथरायची, त्यावर माती, मग दाबणं. आणि भिंतीच्या पाठीला, माती आणि ठोकळे यांच्या मध्ये, वरपासून खालपर्यंत नुसती खडी.

"ही कशाला एवढी?" मी एकदा चहा देताना विचारलं.

"पाण्याला उतरायला. माती भिंत पाडत नाय बाई, मातीत अडकलेलं पाणी पाडतं." त्यांनी भिंतीच्या पायथ्याशी बाहेर आलेली तीन नळ्यांची तोंडं दाखवली. "लय पाऊस झाला का हितनं पाणी आलं पाहिजे. आलं तर निवांत राहा. नाय आलं, तर मला फोन करा आणि घरात थांबू नका."

हे सगळं त्यांना कुठून कळलं ते त्यांनी एकदाच सांगितलं, तेही काम संपत आल्यावर. त्यांचे वडील डोंगरात भाताच्या खाचरांचे बांध घालायचे. बांधातून पाणी कसं सोडायचं ते लहानपणी बघितलेलं. पण भीती तिथली नव्हती. ती नाशकातली. तरुणपणी ते एका ठेकेदाराकडे मजूर होते. अशीच एक भिंत, मागे खडी नाही, नळ्या नाहीत, घाईत उभी केलेली. खाली मजुरांची पत्र्याची खोली होती. आषाढातली दुपार, पावसामुळे काम बंद. भोये तंबाखू आणायला म्हणून कोपऱ्यावर गेले. खोलीत त्यांचा मेहुणा झोपला होता. "कडकड झालं असतं तर बरं झालं असतं," ते म्हणाले, "तसं नाय होत. गोणी टाकल्यावानी आवाज आला. एकदाच. मी मागं बघितलं तर खोलीच नव्हती." हे सांगताना ते माझ्याकडे बघत नव्हते, आमच्या मागच्या खोलीच्या खिडकीकडे बघत होते. त्या दिवसापासून मला त्या खिडकीकडे बघवेना.

पहिली दोन वर्षं मी पाऊस वाढला की छत्री घेऊन मागे जायची. तिन्ही नळ्यांतून पाणी यायचं, आधी गढूळ, मग नितळ. मी घरात येऊन चहा ठेवायची. तिसऱ्या वर्षी वरच्या साहेबांनी बंगल्यामागे हिरवळ केली. कुठूनतरी लाल माती आणली आणि ती थेट भिंतीच्या डोक्यापर्यंत पसरली, खडीच्या वर. कडेने फरशा बसवल्या आणि गच्चीचं पाणी पाईपने त्याच बाजूला सोडलं. मला हे दिसत होतं. पण शेजाऱ्याच्या बागेला नावं कशी ठेवायची, म्हणून मी गप्प बसले. ते गप्प बसणं मला आजही टोचतं.

त्याच पावसाळ्यात माझी मुलगी अश्विनी बाळंतपणाला आली. बाळ वीस दिवसांचं होतं. मागची खोली उबदार, रस्त्याचा आवाज नाही, म्हणून बाळंतिणीची खाट आणि पाळणा तिथेच. मनातून मला ते नको होतं, पण जुन्या भीतीला किती ऐकायचं, असंही वाटलं. दोन दिवस झड लागली होती. तिसऱ्या दिवशी दुपारी मी मागे गेले. नळ्या कोरड्या होत्या. तिन्ही. बोट घातलं तर आत घट्ट लाल चिखल, वरून उतरलेला. आणि ठोकळ्यांच्या सांध्यांतून, माझ्या डोक्याच्या उंचीवर, घाम फुटावा तसं पाणी पाझरत होतं. फोन लावला. भोये पिंपळगाव बसवंतला एका शीतगृहाच्या कामावर होते. "बाळंतिणीला बाहेर काढा," ते म्हणाले. मी म्हटलं, "एवढ्या पावसात? वीस दिवसांचं बाळ आहे हो…" पलीकडे गाडीला किक मारल्याचा आवाज आला.

तासाभरात ते आले, नखशिखांत भिजलेले. भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत त्यांनी दोरी ताणली. सरळ भिंतीला दोरी चिकटून राहते. इथे मधोमध भिंतीचं पोट पुढे आलं होतं, आणि दोन्ही टोकांना दोरी आणि ठोकळे यांच्यात चार बोटं मावतील एवढी फट दिसत होती. जो माणूस दोन महिने आमच्याकडे काम करून कधी उंबऱ्याच्या आत आला नव्हता, चहासुद्धा ओट्यावर बसून प्यायचा, तो चिखलाच्या बुटांनिशी सरळ मागच्या खोलीत गेला. "ताई, उठा," म्हणाला, आणि पाळण्यातलं बाळ त्याने स्वतः उचललं. अश्विनी घाबरून किंचाळली. मी म्हटलं, "ऊठ, ते सांगतायत ना, ऊठ." समोरच्या कुलकर्णींच्या घरात आम्ही पोचलो तेव्हा बाळाच्या दुपट्यावर त्यांच्या बोटांचे लाल चिखलाचे ठसे होते.

मग ते वर गेले. मीही मागोमाग गेले, कारण घरात बसवेना. वरचे साहेब व्हरांड्यात उभे राहून म्हणाले, "भिंत तुम्हीच बांधली ना? मग आता आम्हालाच कशाला घाबरवता?" भोये वाद घालत बसले नाहीत. "साहेब, शिव्या नंतर द्या," म्हणाले आणि कोपऱ्यातली पहार उचलून त्यांनी फरशा फोडायला सुरुवात केली. त्या जागी चर काढून गच्चीचं पाणी त्यांनी कडेच्या गटाराकडे वळवलं. साहेब ओरडत होते, पोलिसांना बोलावतो म्हणत होते, पण जवळ कुणी आलं नाही. तिथून उतरून भोये आमच्या मागच्या अंगणात गेले. मी रस्त्यावर, बोळाच्या तोंडाशी थांबून ओरडले, "भोये, राहू द्या! घर जाऊ द्या, या इकडे!" ते भिंतीच्या अगदी टोकाला उभे राहिले आणि लांब सळईने पहिल्या नळीतला चिखल टोचायला लागले. आधी काहीच नाही. मग लाल पाण्याची धार सुटली, सळई हातातून उडाली. ते दुसऱ्या नळीकडे वळणार, तोच थांबले. मान वर केली. काय ऐकलं त्यांनी, देव जाणे. ते वळून पळाले… पन्नाशी उलटलेला माणूस, बुटात पाणी भरलेलं, आमच्या घराच्या बाजूच्या बोळातून पळत येताना मी बघितला, आणि त्यांच्यामागे तो आवाज आला. गोणी टाकल्यासारखा. एकदाच.

भिंतीचा मधला भाग कोसळला होता, दोन्ही टोकं उभी होती. मागच्या खोलीची खिडकी आत आली होती आणि खाटेवर, पाळण्यावर, कपाटाच्या अर्ध्या उंचीपर्यंत चिखल. आम्ही सगळे रस्त्यावर उभे होतो. भोये गटाराच्या कडेला बसले आणि त्यांना उलटी झाली. नंतर, लोक जमले आणि जो तो वरच्या साहेबांना बोल लावायला लागला, तेव्हा हा माणूस सगळ्यांसमोर म्हणाला, "माझी बी चूक हाय. भिंत बांधून गेलो आणि वर पाणी कुठं जातंय ते बघायला दोन वर्षं आलो नाय." मला माझं गप्प बसणं आठवत होतं, आणि ते बोलून दाखवायचं धैर्य मला त्या दिवशी झालं नाही.

पुढे दिवाळीनंतर त्यांनीच भिंत पुन्हा बांधली. या वेळी एक उंच नाही, दोन बुटक्या, मध्ये पायरीसारखी जागा सोडून. वरचे साहेबही शहाणे झाले, हिरवळ गेली. सगळे म्हणाले, आता काही होत नाही. माझी भीती मात्र गेली नाही. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, मुलगी म्हणाली घर विकून टाक. फक्त भोये म्हणाले, "मला बी वाटते. ती जायची नाय." त्यांच्याशी बोलताना मला कधी वेडगळ ठरल्यासारखं वाटलं नाही. पावसाची झड लागली की त्यांचा फोन यायचा. "बाई, येतंय का?" मी म्हणायची, "येतंय." "तिन्ही?" "तिन्ही." फोन बंद.

यंदा ऑक्टोबरात ते इस्पितळात होते. आयुष्यभर सिमेंट आणि दगडाची धूळ छातीत गेलेली. फुप्फुसाभोवती पाणी झालं होतं. मी भेटायला गेले तेव्हा बरगड्यांमध्ये नळी घातलेली, खाली बाटली. मला बघून त्यांनी बाटलीकडे बोट केलं. "बाई, नळी चालू हाय," म्हणाले आणि हसले. मग हसू ओसरलं. एवढ्या वर्षांत कधी न धरलेला माझा हात त्यांनी धरला आणि हळूच म्हणाले, "पण भ्याव वाटतं." मी शिक्षिका. चाळीस वर्षं मुलांना घाबरू नका म्हणत आले. त्या क्षणी ते शब्द तोंडात आले नाहीत. "मला पण वाटतंय," एवढंच म्हटलं. ते हात धरून राहिले, भेटीची वेळ संपल्याचं नर्सने सांगेपर्यंत.

दिवसकार्याला मी त्यांच्या पाड्यावर गेले. पहिल्यांदाच. एसटी घाटातून वळत होती आणि प्रत्येक वळणावर मी कापलेले कडे बघत होते, कुठून पाझरतंय का ते. त्यांचं घर मला पायथ्याशी, डोंगराच्या आडोशाला दिसेल असं वाटलं होतं. बाकीची घरं तशीच आहेत. यांचं एकटंच घर डोंगरापासून लांब, खाली, खाचराच्या मधोमध. भाताची चांगली जमीन घराखाली घालवलेली. त्यांची बायको हिराबाई ओसरीवर बसली होती. म्हणाली, "पाऊस लागला का ते जेवायचे नाय. मी म्हणायची, एवढं भ्याव हाय तर सोडा ना असलं काम. तर म्हणायचे, ज्याला भ्याव वाटत नाय, त्यानं भिंत बांधली म्हणजे?"

मनीषाने चहा आणला. हिराबाई बराच वेळ माझ्याकडे बघत होती. मग तिने विचारलं, "बाई, तुम्ही अजून त्याच घरात राहता?"

"हो."

"भ्याव नाय वाटत?"

"वाटतं," मी म्हटलं.

तिने मान हलवली. "मग बरं," म्हणाली, आणि माझ्या बशीत आणखी थोडा चहा ओतला.