लॉगिन, लगीन आणि मावशीची हार्ड डिस्क

चार लिनक्सवाले जमले की चहा यायच्या आत एक तरी किस्सा बाहेर पडतोच. कॉम्प्युटरवर नुसतं विंडोज टाकणाऱ्याकडे किस्से नसतात हो. त्याचं काम होतं आणि तो घरी जातो. पण विंडोज जिवंत ठेवून त्याच डिस्कवर शेजारी लिनक्स ही दुसरी, फुकट मिळणारी प्रणाली टाकायची, मग तिसरी टाकायची, म्हणजे किस्सा ठरलेलाच! आम्ही त्या काळात शिकलो थोडं आणि घाबरलो भरपूर.

नव्वदच्या दशकातली शेवटची वर्षं. आम्ही तिघं होतो. मी सांगलीत एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचो. सुहास साताऱ्याचा, इंजिनिअर, दर रविवारी एसटीनं यायचा. आणि बाळू मूळचा कडेगावचा, कुपवाडला एका वर्कशॉपमध्ये लेथवर कामाला. आता कॉम्प्युटर कुणाचा? तिघांपैकी कुणाचाच नाही! तो होता माझ्या सुलभामावशीचा.

मावशी घरी वधूवर सूचक मंडळ चालवायची. नोंदवलेल्या सगळ्या मुलामुलींची माहिती त्या कॉम्प्युटरमध्ये मी भरून दिली होती, आणि त्या आनंदात मावशीनं जुनी रजिस्टरं रद्दीत घातली होती. बक्षीस म्हणून उरलेली अर्धी हार्ड डिस्क आम्हाला मिळाली. अट एकच.

"विनू, माझ्या पोरींना धक्का लागता कामा नये!"

* * *

पहिलं लिनक्स टाकायचं तर डिस्कची वाटणी करावी लागणार. मी मावशीला कागदावर चौकोन काढून दाखवला. मधे रेघ. अलीकडे विंडोज, पलीकडे लिनक्स.

"माझ्या पोरी कुठे आहेत?"

"अलीकडे."

"मग तुम्ही तिघं पलीकडेच राहा!"

बाळूचं लग्न व्हायचं होतं. मावशी त्याला दर रविवारी फुकटात फॉर्म देऊ करायची आणि तो दर रविवारी लाल व्हायचा. "मला न्हाई पायजे मावशी. मी आपला लिनक्ससाठी येतूय."

* * *

पहिलं लिनक्स एकदाचं टाकून झालं. कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला. सुरुवातीला जो छोटा प्रोग्राम 'विंडोज हवं की लिनक्स' असं विचारतो, त्याचं नाव लिलो. तो बरोबर बसला नसेल तर आपलं अर्धंच नाव लिहून थांबतो. आमच्या काळ्या पडद्यावर दोनच इंग्रजी अक्षरं आली, 'एल' आणि 'आय'. पुढे ढिम्म काही नाही.

मावशी मागे येऊन उभी. "काय झालं रे?"

मी उगाच बटणं दाबत राहिलो. सुहास खिडकीबाहेर बघायला लागला. बाळू मात्र शांतपणे म्हणाला, "काय न्हाई मावशी. नवीन नवरी हाय, लाजतीया. निम्मंच नाव घेतलंय!"

"मग पुढचं घ्यायला सांग तिला! अकरा वाजता मुलाकडची माणसं यायची आहेत!"

अकराला दहा मिनिटं कमी असताना नवरीनं पूर्ण नाव घेतलं. मी त्या दिवशी पहिल्यांदा मावशीच्या देवाला हात जोडले.

* * *

दोन महिन्यांनी सुहासनं मासिकाबरोबर आलेली दुसऱ्याच जातीच्या लिनक्सची सीडी आणली. "तुमच्यापेक्षा हे चांगलं आहे," हे त्यानं दारातच सांगून टाकलं. साताऱ्याचा माणूस!

टाकलं. सुरू केलं. सुरुवातीच्या यादीत विंडोज होतं, सुहासचं नवं लिनक्स होतं. माझं जुनं? गायब!

"धाकट्यानं थोरल्याचं नावच काढलं की रं!" बाळू म्हणाला.

नशीब, नावच काढलं होतं, घर नाही. एका फाइलमध्ये चार ओळी लिहिल्यावर माझं लिनक्स परत यादीत आलं. त्याच वेळी आम्ही यादीतल्या तिन्हींना नवीन नावं दिली. माझ्या लिनक्सचं 'सांगली', सुहासच्याचं 'सातारा' आणि विंडोजचं 'मावशी'. मग वाद सुरू झाला, कुणी काही निवडलं नाही तर आपोआप काय सुरू व्हायचं, सांगली की सातारा? आवाज इतके चढले की मावशी स्वयंपाकघरातून लाटणं घेऊनच आली.

"विजेचं बिल कोण भरतंय?"

निकाल लागला. मावशी पहिली.

* * *

एका रविवारी कोरेगावहून एक आबा आले. सगळा जन्म जमिनी मोजण्याच्या नोकरीत काढलेला, आता निवृत्त. मुलीचं, संगीताचं, नाव नोंदवायला आले होते. खिशात पेन, हातात मुलीच्या माहितीच्या चार झेरॉक्स, प्रत्येकीला फोटो टाचलेला.

नेमकं तेव्हा आमचं 'सातारा' सुरू होतं आणि पडद्यावर 'लॉगिन' हा शब्द उभा होता. आबांनी चष्मा लावून एकेक इंग्रजी अक्षर जुळवलं.

"ल... लगीन! आवं ताई, लय हुशार मशीन हाय की. आल्या आल्या कामाचंच बोलतंय!"

बाळूनं हसू दाबत पासवर्ड टाकला. घाईत चुकला. पडद्यावर इंग्रजीत ओळ आली.

"आता काय म्हनतंय?"

"लॉगिन चुकलं म्हनतंय," बाळूच्या तोंडून गेलं.

आबा गंभीर झाले. "पोरगा बघायच्या आधीच?"

* * *

त्याच बैठकीत बाळूनं डिस्कच्या वाटणीचा तक्ता उघडला. त्यालाही आता स्वतःचं तिसरं लिनक्स हवं होतं. कुठला तुकडा कितीपासून कितीपर्यंत, असे नुसते आकडे. आबा खुर्ची ओढून पुढे सरकले.

"हे वाटप हाय व्हय? मोजायचं कशात, गुंठ्यात?"

"सिलिंडरमध्ये, आबा."

"ग्यासच्या?"

"न्हाई वो! डिस्कवरच्या गोल पट्ट्या अस्त्यात."

"असूंदे. पन ही मोजणी कुठं लिवून ठिवलीया?"

"डिस्कवरच," मी म्हणालो.

"आन् बांध गेला म्हंजे?"

आम्ही हसलो. आबा हसले नाहीत. त्यांनी एक झेरॉक्स उलटी केली आणि पाठीवर सुवाच्य अक्षरात उतरवून काढलं. मावशी, १ ते २६१. सांगली, २६२ ते ३८०. सातारा, ३८१ ते ४४०. उरलेला रिकामा तुकडा ४४१ ते ५२४, त्यापुढे 'पडीक'. कागद बाळूच्या हातात दिला. "जपून ठिव रं."

बाळूनं तो आमच्यासमोर कीबोर्डखालच्या खणात ठेवला.

* * *

महिन्याभरानं बाळूचं लिनक्स टाकायचा दिवस उजाडला. पडीक तुकड्यात टाकायचं होतं. सीडीनं विचारलं, रिकामी जागा वापरू की सगळी डिस्क? बाळूचं बोट घसरलं आणि 'सगळी डिस्क'वर एंटर दाबलं गेलं.

"थांब!" म्हणत मी भिंतीवरचं बटण बंद केलं. पण सीडीवरून पुन्हा सुरू करून बघतो, तर तोवर जुना तक्ता पुसून नवीन लिहिला गेला होता. मावशी नाही, सांगली नाही, सातारा नाही. माहिती तिथेच पडलेली असणार, कारण त्यावर अजून काही लिहिलं गेलं नव्हतं. पण कोण कुठून कुठपर्यंत, हे सांगणारं कुणी उरलं नव्हतं. बॅकअप? तो पुढच्या रविवारी घेऊ, असं मी सहा रविवार म्हणत होतो.

मावशी मटकन खाली बसली. "विनू, माझ्या पोरी..." तिच्या डोळ्यांत पाणी बघून मला स्वतःची शरम वाटली.

आणि आबा तिथेच होते! संगीताला कुठून विचारणा झाली का, ते विचारायला कोरेगावहून आले होते.

"माझा कागद काडा," ते म्हणाले.

मी खण उघडला. रिकामा! सुहासनं टेबल हलवलं, मी सीडींचे खोके उलटे केले. कागद नाही.

"बाळ्या, तूच ठेवला होतास ना?"

बाळू मान खाली घालून उभा. कान लालभडक. मग हळूच त्याचा हात शर्टाच्या खिशात गेला. प्लॅस्टिकचं पाकीट निघालं. त्यात घड्या करून करून मऊ झालेला तो कागद, संगीताच्या फोटोसकट.

आबांनी कागदाकडे पाहिलं, मग बाळूकडे पाहिलं. चष्मा लावला आणि कागद उलटा करून वाचायला लागले. "मावशी, एक ते दोनशे एकसष्ट." मी टाइप करत गेलो. सांगली. सातारा. पडीक.

पुन्हा सुरू केलं. यादी आली! सगळ्यात वर 'मावशी'. मावशीनं पदरानं डोळे पुसले, माऊस हातात घेतला आणि अ पासून ज्ञ पर्यंत एकेका पोरीचं नाव मोठ्यानं वाचलं. मी भिंतीला टेकून जमिनीवरच बसलो. इतकं हलकं आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

"आल्या रे! सगळ्या आल्या! एकसुद्धा गेली नाही!"

आबांनी कागदाची जुन्याच घड्यांवर पुन्हा घडी घातली, तो पाकिटात सरकवला आणि पाकीट बाळूच्या खिशात परत ठेवलं.

"मोजणी बरूबर आली, ताई," ते मावशीला म्हणाले. "आता तुमच्या पोरींतली एक कमी करा."