रंगाखालचा तडा

ती दुपार विसरायचा मी पुष्कळ प्रयत्न केला, पण आजही ती जशीच्या तशी आठवते. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, खाडीत सापडलेली प्रेतं ओळख पटवण्यासाठी उलटीपालटी केली. त्यातल्या कशानंही माझी झोप उडाली नाही. ती उडवली एका भंगारातल्या लोखंडी तुकड्यानं. यातली माणसं अजून त्याच भागात राहतात, म्हणून कोणाचं नाव लिहीत नाही.

मी तेव्हा पेणला सहायक पोलीस निरीक्षक होतो. थोड्याच दिवसांत भागातून लागोपाठ गाड्या चोरीला गेल्या होत्या आणि एकीचाही पत्ता लागत नव्हता. वरिष्ठ रोज सकाळी फोन करून "काय प्रगती?" विचारायचे आणि मी रोज तेच उत्तर द्यायचो. अशा वेळी माणूस मिळेल ती खबर धरून धावतो. मीही धावलो.

माझा एक खबऱ्या होता, पानटपरीवाला. त्याच्या निम्म्या खबरा खऱ्या असत आणि निम्म्या कोणावर तरी राग असल्यामुळे येत. तो म्हणाला, "साहेब, कासूच्या बाजूला एका शेडमध्ये गाडी बनवतायत. नंबर नाय, बोनेट नाय, सगळे पार्ट येगयेगळ्या गाड्यांचे. मालक गल्फवरनं आलाय." मला एवढं पुरेसं होतं. दोन पंच घेतले, चार शिपाई घेतले आणि भर उन्हात आम्ही शेडवर धडकलो.

शेडमध्ये जे उभं होतं त्याला गाडी म्हणावं की काय, हेच आम्हाला कळेना. जुन्या टॅक्सीची बॉडी कापून खाली बसवलेली. इंजिन उघडं. पुढची चाकं बॉडीच्या बाहेर, बैलगाडीसारखी. पण सगळं असं चकचकीत काळं, की शिपाई त्यात स्वतःच्या मिशा बघायला लागले.

मालक चाळिशीचा. आखातात बारा वर्षं गॅरेजमध्ये काम करून परत आलेला. घाबरला नाही. म्हणाला, "साहेब, ह्याला हॉट रॉड बोलतात. जुन्या गाड्यांचे चांगले पार्ट जपून ठेवायचे नि त्यातनं नवी गाडी बांधायची. चोरीचं कायपण नाय."

गाडी टोचन करून ठाण्यात आणली आणि त्याला समोर बसवलं. माझी जुनी पद्धत होती, एकच प्रश्न तीन वेळा, तीन तऱ्हांनी विचारायचा. खोटं बोलणारा दुसऱ्या वेळेला जास्त तपशील देतो आणि तिसऱ्या वेळेला चिडतो. हा तिन्ही वेळा तेच सांगत राहिला. रेडिएटर दुधाच्या टेम्पोचा. मीटर एका ट्रकचे. पुढचा ॲक्सल जुन्या जीपचा, पेणच्या एका म्हाताऱ्या मेकॅनिककडून आणलेला. बॉडी वडिलांच्या टॅक्सीची. वडील पेण-रोहा टॅक्सी चालवायचे. ते गेल्यावर टॅक्सी अंगणात पडून होती आणि तिच्या मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालायच्या.

"अम्मी बोलते, तुझ्या बापाची टॅक्सी परत चालू कर नि मला एकदा रोह्याला ने. तुझ्या भाचीची मंगनी हाय तिकडं," तो म्हणाला.

इंजिन नंबर, चासी नंबर तपासले. वडिलांचं आरसी बुक खरं निघालं. आरटीओकडून खात्री केली. चोरीचा एक स्क्रूसुद्धा सापडला नाही. खबऱ्याचा आणि त्याचा बांधावरून वाद होता, हे मला नंतर समजलं.

आता खरं तर ती गाडी मी तांत्रिक तपासणीसाठी आरटीओकडे पाठवायला हवी होती. पण खबर फुसकी निघाल्यानं माझं डोकं फिरलं होतं आणि ठाण्याच्या आवारातून ते धूड एकदाचं जावं, असं झालं होतं. पंचांना बोलावलं, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि पंचनाम्यात स्वतःच्या हातानं लिहिलं, 'सदर वाहन सुस्थितीत मालकाचे ताब्यात दिले.' आरटीओची मंजुरी मिळेपर्यंत रस्त्यावर काढू नकोस, अशी तंबी दिली. तो म्हणाला, "व्हय साहेब." त्याच्या 'व्हय'कडे मी तेव्हा नीट लक्ष दिलं नाही.

तीन दिवसांनी सकाळी ठाण्यात आलो तर बाकावर एक म्हातारा बसलेला. पांढरी दाढी, ऑइलनं काळी झालेली बोटं. ठाणे अंमलदार हसत म्हणाला, "साहेब, ह्यांच्या भंगाराची चोरी झालीय. तेपण तुटक्या भंगाराची." मीही हसलो. मोर्चाचा बंदोबस्त ठरवायचा होता, म्हणून म्हाताऱ्याला बसायला सांगितलं. तो तीन तास बसला. ते तीन तास मला आजही माझ्या हाडवैऱ्याला द्यावेसे वाटत नाहीत.

अखेर आत बोलावलं. त्याला गावात सगळे चाचा म्हणत. ज्याच्याकडून तो जीपचा ॲक्सल आला होता, तोच हा मेकॅनिक. खुर्चीवर बसायच्या आधीच तो म्हणाला, "साहेब, चोर नको पकडू. माझा पार्ट शोध. कोणी बसवला तर माणूस मरंल."

मग त्यानं सांगितलं. बऱ्याच वर्षांपूर्वी त्याचा धाकटा भाऊ जीप घेऊन घाट उतरत होता. पुढचं उजवं चाक ज्या जाड दांड्यावर फिरतं, तो दांडा चालत्या गाडीत दगा देऊन गेला. त्याला स्टब ॲक्सल म्हणतात. दांड्याला मुळाशी केसाएवढा तडा होता आणि तो कोणाला दिसला नव्हता. चाक कलंडलं, जीप दरीत गेली, भाऊ गेला. दांडा पुरता तुटलाही नव्हता. चाचानं तो भंगारात विकला नाही, कारण भंगारवाला घासूनपुसून पुन्हा विकतो. त्यावर लाल रंगाची फुली मारली आणि गॅरेजच्या भिंतीवर टांगून ठेवला. रोज काम सुरू करण्याआधी तो त्याच्याकडे एकदा बघायचा.

"त्याच जीपचा डावा दांडा चांगला होता. हातोडी मारून बघितला, घंटीसारखा वाजला. तो मी कासूच्या पोराला दिला. उजवा दुसरीकडनं शोध बोललो. मधे पंधरा दिवस मी गावाला गेलो व्हतो. काल संध्याकाळी येऊन बघतो, तर भिंतीवर खिळा रिकामा."

कासू हा शब्द ऐकला आणि मी त्या पंचनाम्याची फाईल पुढ्यात ओढली. आवाज शांत ठेवून विचारलं, "गॅरेजमध्ये येतं-जातं कोण?"

"रंगारी. आपल्या पेणचाच. गणपतीच्या कारखान्यात हाय. तिकडं काम कमी असलं की गाड्यांना स्प्रे मारतो. कासूच्या पोराचे पार्ट रंगवायला तोच घेऊन गेला व्हता."

रंगाऱ्याला कारखान्यातून उचलून आणायला पंधरा मिनिटं लागली. हाताला शाडू तसाच. "मी नाय नेला," हे त्याचं पहिलं वाक्य. दुसरंही तेच. घाम फुटला होता, पण तोंड घट्ट. आरडाओरडा केला असता तर दोन तास गेले असते आणि माझ्याकडे दोन तास नव्हते.

एक गोष्ट नोकरीत शिकलो होतो. माणूस चोरीबद्दल खोटं बोलतो, पण स्वतःच्या हातच्या कामाबद्दल त्याला फार वेळ खोटं बोलवत नाही. मी पंचनाम्याचे फोटो टेबलावर पसरले आणि गाडीच्या पुढच्या चाकाकडे बोट दाखवून म्हणालो, "काम मात्र झकास झालंय. कंपनीतून आल्यासारखं. कोणाचा हात आहे कोण जाणे."

तो वाकून बघायला लागला. चेहरा सैल झाला. "माझाच साहेब."

"हा उजवाही?"

"व्हय. डावा एकटाच व्हता. जोडी नाय म्हणून त्याचं काम अडलेलं. चाचाच्या भिंतीवर उजवा टांगलेला बघितला. म्हटलं, उगाच धूळ खातोय. चाचानं दिला असं सांगून त्याला दिला."

"त्याच्यावर लाल फुली होती."

"ती घासून काढली. बारीक तडापण व्हता साहेब, मुळाशी. त्यात लांबीचा लगदा भरला, पॉलिश पेपर मारला, प्रायमर मारला, मग काळा. बोटाला लागणार नाय असा केला." हे सांगताना त्याच्या आवाजात अभिमान होता. "तडा गेलेली वस्तू गिऱ्हाइकाच्या हातात कशी देणार? मूर्ती देतो का आपण तशी?"

चाचानं दोन्ही हात डोक्यावर मारून घेतले. रंगारी त्याच्याकडे बघत राहिला. आपण काय केलं हे त्याला अजून कळलं नव्हतं. जन्मभर त्यानं तडे बुजवले होते. मूर्तीचा तडा बुजवला की मूर्ती पुरी होते, आणि लोखंडाचं तसं नसतं हे त्याला कोणी सांगायची वेळच आली नव्हती. मला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. पण त्यानं तडा झाकला आणि मी त्याच तड्यावर सही केली, तेव्हा कोणी कोणाला मारायचं?

मालकाला फोन लावला. रिंग वाजत राहिली. पुन्हा लावला. पुन्हा तेच. कासूच्या पोलीस पाटलाला शेडवर पळवलं. पाच मिनिटांत त्याचा फोन आला. "साहेब, त्याची बायको बोलते, दुपारची नमाज झाल्यावर अम्मीला घेऊन गेला रोह्याला. नव्या गाडीतनं. फोन वाजला तरी त्या इंजिनाच्या आवाजात काय ऐकू येणार?"

मी घड्याळात पाहिलं. चाचाला आल्या आल्या आत घेतलं असतं, तर गाडी अजून शेडमध्येच असती.

नागोठणं आणि रोहा, दोन्ही ठाण्यांना कळवलं. मिळेल तिथे अडवा, पण समोर आडवी गाडी घालू नका, त्याला जोरात ब्रेक दाबू देऊ नका. मग चाचाला जीपमध्ये घातलं आणि निघालो. पुढे मला एकाच जागेची भीती होती, नागोठण्याहून रोह्याला जाताना लागणाऱ्या भिसे खिंडीची. चढ असेपर्यंत गाडी हळू असते. उतार लागला की सगळा भार पुढच्या चाकांवर येतो. चाचा मागे बसून काहीतरी पुटपुटत होता. दुवा मागत होता की भावाशी बोलत होता, मी विचारलं नाही. रस्त्याकडेची प्रत्येक काळी वस्तू मी वळून वळून बघत होतो. नागोठणं मागे पडलं. तिथल्या हवालदारानं सांगितलं, गाडी अर्ध्या तासापूर्वी, निरोप यायच्या आतच पुढे गेली. अर्ध्या तासात तो खिंड ओलांडून जाऊ शकत होता. ड्रायव्हरला मी "हाण, हाण" म्हणत होतो आणि मनात पंचनाम्यातलं माझंच अक्षर दिसत होतं.

खिंडीच्या अलीकडे रस्त्यात गर्दी दिसली. मोटारसायकली आडव्यातिडव्या लावलेल्या, माणसांचं कोंडाळं. अपघाताची गर्दी लांबून ओळखायला मला इतक्या वर्षांनी शिकवावं लागत नव्हतं.

जवळ गेलो तर लोक हसत होते.

धाटावला दुसऱ्या शिफ्टला निघालेले कंपनीचे कामगार होते ते. ती विचित्र गाडी बघून त्यांनी हात केला होता आणि आमच्या हौशी मालकानं कौतुकानं गाडी बाजूला घेतली होती. एकेक जण शेजारी उभा राहून फोटो काढत होता आणि हा प्रत्येकाला रेडिएटर कुठला, मीटर कुठले, हे पहिल्यापासून सांगत होता. आत त्याची म्हातारी आई, नवी साडी नेसून, पदर डोक्यावर घट्ट धरून बसली होती. "शिफ्ट चुकल तुमची," ती कामगारांवर खेकसत होती. "जावा आता! नि तूपण चल रे, तिकडं मंगनी होऊन जाईल!"

मी खाली उतरून गर्दी मागे सारली. चाचा थेट गाडीखाली शिरला. हातोडीनं डावा दांडा वाजवला. खणखणीत आवाज आला. उजवा वाजवला. मडक्यावर मारावं तसा बद्द आवाज आला. चाचानं स्क्रूड्रायव्हरनं काळा रंग खरवडला, लांबीचा पापुद्रा खाली पडला. तडा दिसला. त्याचा एक भाग जुना, गंजलेला होता आणि पुढचा भाग नव्यानं फाकलेला, आतून चांदीसारखा चमकत होता. कासूहून इथवर येताना तो वाढला होता. आणखी किती चालला असता, ते चाचालाही सांगता आलं नाही.

मालक मटकन रस्त्यावर बसला. आईनं विचारलं, "काय झालं?"

चाचा गाडीखालून बाहेर आला. त्याचे डोळे भरले होते, पण आवाज साधा होता. "काय नाय भाभी. चाक जरा ढिलं हाय. एसटीनं जा."

मी पुढे होऊन म्हणालो, "एसटी कशाला, आमची जीप सोडेल तुम्हाला."

"पोलिसांच्या गाडीतनं लेकीच्या दारात उतरू? सोयरे काय बोलतील?" ती उतरली, साडी झटकली आणि माझ्याकडे निरखून बघत म्हणाली, "तुम्हीच ना ते पेणचे साहेब? मी नाय बोलत व्हते ह्याला. असल्या डब्यात मी कशाला बसते? पण हा बोलला, अम्मी, पोलिसांनी सगळी बघून सोडलीय. कागदावर लिवून दिलंय. मग मी बसले."

एसटी आली, हवालदारानं हात करून थांबवली आणि ती रोह्याला गेली.

गाडी जप्त झाली. मालकावर मोटार वाहन कायद्याखाली कारवाई झाली आणि ती त्यानं मुकाट्यानं मान्य केली. रंगाऱ्याविरुद्ध तक्रार द्यायला चाचा तयार झाला नाही. "त्याला हातोडी वाजवायला शिकवतो," एवढंच म्हणाला आणि खरंच शिकवलं. रीतसर परवानगी घेऊन दांडा चाचाला परत दिला. त्यानं तो ठाण्याच्या मागच्या आवारात गॅस कटरनं मधोमध कापला, म्हणजे पुन्हा कोणाच्या कामाला येणार नाही. अर्धा त्यानं नेला. अर्धा मी मागून घेतला.

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मी शेकडो पंचनामे लिहिले. 'सुस्थितीत' हा शब्द एकदाही लिहिला नाही. हाताखालचे लोक माझी टिंगल करायचे, कारण त्या जागी मी 'बाहेरून पाहता' असं लिहून पुढे अर्धं पान भरायचो. करू देत टिंगल. बाकावर बसलेल्या माणसालाही मी पुन्हा कधी थांबायला सांगितलं नाही, मग त्याचं भंगार चोरीला गेलं असो की कोंबडी.

तो अर्धा तुकडा माझ्या टेबलावर असतो. एका बाजूचा काळा रंग अजून शाबूत आहे, बोट फिरवलं तर काहीच लागत नाही. घरी आलेली माणसं तेवढीच बाजू बघून म्हणतात, छान आहे, कुठून आणलंत? मी तो उलटा करून, तडा वर येईल असा त्यांच्या हातात देतो आणि ती म्हातारी काय बोलली ते सांगतो.