एक कळप, दोन बुकिंग

राव, आज माझ्या ॲपपायी पेठला दोन शेजाऱ्यांची जुंपली असती.

खतासाठी शेतात मेंढ्या बसवायच्या, तर कळप या ॲपवर बुक करतात. आज मेंढपाळ धोंडूमामांचा एकच कळप दोघांनी एकाच रात्रीसाठी बुक केला. दोघांनाही तो मोकळा दिसला.

उत्तर झटपट यावं म्हणून मी ॲपला मुख्य सर्व्हरऐवजी जवळच्या सर्व्हरवरची नोंदींची प्रत वाचायला लावली होती. पहिलं बुकिंग तिथं अजून पोचलंच नव्हतं.

एकजण उद्यावर राजी झाला. मी सेटिंग बदललं. कळप कुठंय हे थोडं जुनं दिसलं तरी चालेल, बुकिंगला मात्र मुख्य सर्व्हरवरची ताजीच नोंद वाचायची.

मामांनी लगेच मोबाईलवर बुकिंग उघडलं. "लई वेळ फिरतंय, बिघडलं का?"

"न्हाई मामा, विचारून येतंय."

"मग येऊ दे."

तुमचं ॲप कुठं विचारून येतं, अन् कुठं बोलून मोकळं होतं?