लाल स्टिकरची लेन्स

चाकणच्या कारखान्यात मी गाड्यांचे सुटे भाग तपासते. दोन सारख्या भागांतला केसाएवढा फरक शोधायचा मला पगार मिळतो. घरी या सवयीचं कुणाला कौतुक नाही. मी दोन दुकानांच्या पोह्यांचीही तुलना करते, असं आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, आणि ते खरं आहे.

त्यामुळे फोटोंची हौस लागली तेव्हा पुढचं ठरलेलंच होतं. माझ्याकडे पन्नास एमएमची प्राइम लेन्स होती. तिला झूम नसतो. माणूस जवळ हवा असेल तर आपणच दोन पावलं पुढे जायचं. माझ्या शिफ्टमधल्या एका सहकाऱ्याकडे वेगळ्या बनावटीची, पण पन्नासचीच होती. शनिवारी कंपनीच्या बसमध्ये त्याने ती माझ्या हातात ठेवली. "ताई, दोन्ही वापरून बघा. आवडेल ती ठेवा, उरली ती मला. फक्त उद्या संध्याकाळी सांगा, परवा मी गावाला चाललोय."

आईने लगेच आपलं काम पुढे केलं. लग्नाला चाळीस वर्षं होत आली तरी घरात बाबांचा एकही हसरा फोटो नव्हता. एरवी बाबा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसतात, पण कॅमेरा दिसला की कारखान्याच्या प्रेस शॉपमध्ये पत्रा ठोकण्यात काढलेली तीस वर्षं अंगात येतात आणि ते गेटपासच्या फोटोला उभे राहिल्यासारखे ताठ होतात. भावाच्या लग्नाच्या अल्बममध्येही तसेच आहेत.

"मला भिंतीवर हसणारा माणूस पाहिजे," आई म्हणाली. "गेटपास नको."

रविवारी पिंपळे गुरवच्या आमच्या गच्चीवर मी खडूने दोन खुणा केल्या, एक माझ्यासाठी, एक बाबांसाठी. लेन्स दोन्ही काळ्या, एकाच मापाच्या. गोंधळ नको म्हणून पिशवीत पडलेले कंपनीचे स्टिकर काढले. माझ्या लेन्सला हिरवा लावला, सहकाऱ्याच्या लेन्सला लाल. दुपारपर्यंत चाळीस फोटो झाले. एकीच्या फोटोंचे कोपरे जरा धूसर येत होते, दुसरीच्या फोटोंचा रंग जरा पिवळसर. मी रीतसर तक्ता केला. चाळीसही फोटोंत बाबांच्या चेहऱ्यात मात्र तसूभर फरक नव्हता. माझं तोंड एवढंसं झालं.

पाच वाजता उन्हं कलल्यावर शेवटची फेरी घ्यायला गेले, तर लाल स्टिकरची लेन्स गायब. पिशवी उपसली, गाद्या उचकल्या, आईवर उगाच डाफरले. दुसऱ्याची वस्तू, आणि दोन तासांत त्याला कळवायचं. शेवटी हिरवी लेन्स लावलेला कॅमेरा गळ्यात तसाच लटकवून गच्चीवर धावले. बाबा आपल्या खुणेवर शांत उभे होते.

"बाबा, दुसरी लेन्स पाहिली का?"

"ती व्हय? ट्रंकेत ठेवलीय. कुलूप लावून."

"कुलूप कशाला?"

"लाल स्टिकर होतं की तिला," बाबा म्हणाले. "रिजेक्ट माल ओके मालाशेजारी ठेवत नसतेत. एवढं शिकवलं न्हाई का तुला कंपनीत?"

मी कपाळावर हात मारला. लाल म्हणजे नापास, हे दिवसातून शंभरदा मीच ठरवते. माझ्यामागून जिना चढून आलेली आई हसत बाबांशेजारी मटकन खालीच बसली. तिच्याकडे बघता बघता बाबांनाही काय झालं ते उमगलं आणि ते मांडीवर थाप मारून हसायला लागले. मी खूणबिण विसरून दोन पावलं पुढे गेले आणि बटण दाबलं.

फोकस कानावर गेला होता, डोळे धूसर, कोपऱ्यात आईचं कोपर. कारखान्यात असा भाग मी हातातही धरला नसता. पण मी इतकी खूश होते की तक्ता न बघताच सहकाऱ्याला फोन करून सांगितलं, हिरवी, म्हणजे माझीच, ठेवतेय.

पुढच्या रविवारी डांगे चौकातून फोटो फ्रेम होऊन आला. आई खिळा ठोकायला निघाली तसं मी म्हणाले, "थांब ना, मी याहून चांगला काढते. यात फोकसच नाही."

बाबांनी फ्रेम हातात घेतली. स्वतःकडे बराच वेळ बघितलं, मग कोपऱ्यातल्या त्या कोपराकडे. उठून माझ्या लेन्सवरचा हिरवा स्टिकर नखाने सोडवला, फ्रेमच्या काचेवर चिकटवला आणि फ्रेम आईकडे दिली.

"लाव," ते म्हणाले.